मदत कोणाच्या नावावर?
अरब देशांची लोककल्याणाची धोरणे आणि भिवंडीचा हिशेब: एक आढावा

१२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतमधल्या मंगफ भागात कामगारांच्या एका निवासी इमारतीला आग लागली. सुमारे पन्नास माणसे गेली, त्यांतली ४५ भारतीय होती. त्याआधी २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसे ढिगाऱ्याखाली मेली. एक देश जगातल्या श्रीमंत तेलराज्यांपैकी, दुसरे गाव देशाला कापड पुरवणारे. दोन्हीकडे चौकशा लागल्या, अटका झाल्या, नुकसानभरपाई जाहीर झाली. मात्र या माणसांना राहण्याजोगे घर मिळाले की नाही हे आधीच पाहणे कोणाचे काम होते, याचे सरळ उत्तर दोन्हीकडे मिळाले नाही. मालक, घरमालक, ठेकेदार, नगरपालिका, दूतावास अशी नावे पुढे आली आणि जबाबदारी त्यांच्यामध्ये विरघळून गेली.

अरब अर्थव्यवस्थांमधल्या सामाजिक न्यायाबद्दल आपल्याकडे सहसा दोनच सूर ऐकू येतात. एक, तिथे कर नाही, पेट्रोल स्वस्त, सरकार सगळे देते. दुसरा, तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि माणसाला राबवतात. दोन्ही सुरांत तथ्य आहे, कारण एकाच व्यवस्थेची ती दोन अंगे आहेत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत अरब सरकारांनी प्रजेला काय दिले, कोणत्या वाटेने दिले, ते देणे कुठे फसले आणि त्यातून कोण सुटले, याचा हा आढावा आहे. तो भिवंडीला लागून असलेल्या शेलारसारख्या ठिकाणाहून घेण्याला कारण आहे. अरब धोरणांची जी चर्चा जागतिक संस्थांच्या अहवालांत चालते, तिचा निम्मा मजकूर इथल्या मागांच्या शेडमध्ये वेगळ्या नावांनी रोज घडतो.

मुंबईचा रुपया, आखाती बाजार

कोकणपट्टी आणि अरब किनारा यांचे नाते तेलाहून फार जुने आहे. भिवंडी-कल्याणपासून खाली रत्नागिरीपर्यंतचा कोकणी मुसलमान समाज आपली मुळे अरब दर्यावर्दी व्यापाऱ्यांपर्यंत नेतो. इंग्रजी अमलात आखातातला ब्रिटिश रेसिडेंट १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. बहारीन आणि कुवेतचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. स्वातंत्र्यानंतरही कुवेत, बहारीन, कतार आणि आजच्या अमिरातींत भारतीय रुपया चालत होता. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे १९५९ साली रिझर्व्ह बँकेला आखातासाठी वेगळ्या नोटा काढाव्या लागल्या. १९६६ च्या अवमूल्यनानंतर तो व्यवहार जवळजवळ संपला.

हा इतिहास इथे येतो तो आठवणीदाखल नव्हे. परदेशी कामगाराला एका स्थानिक जामीनदाराच्या हवाली करणारी जी कफाला पद्धत आज अरब रूढी म्हणून ओळखली जाते, तिची आधुनिक घडण ब्रिटिश प्रशासनात झाली, असे बहारीनचे अभ्यासक उमर अल-शेहाबी यांनी दाखवले आहे. मोत्यांच्या धंद्यात आणि नंतर तेलाच्या विहिरींवर बाहेरून माणसे लागत. त्यांच्यावर नजर ठेवण्याचा खर्च सरकारला नको होता, म्हणून ती जबाबदारी खासगी माणसावर टाकली गेली. माणूस आणायचा, राबवायचा, पण त्याला आपल्या हिशेबात धरायचे नाही, ही सोय वसाहतीच्या कारभाराला ठाऊक होती. तेलाच्या पैशाने ती अवाढव्य झाली.

भाकरीचा करार

अरब जग म्हणजे सगळे तेलसम्राट, हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. अरब लीगमध्ये २२ देश आहेत. सौदी, कुवेत, कतार, अमिरातीत तेल किंवा वायू भरपूर आणि नागरिक थोडे. इजिप्त, मोरोक्को, ट्युनिशिया, जॉर्डन यांच्याकडे माणसे भरपूर आणि तेल नाहीच किंवा अपुरे. अल्जिरिया आणि इराककडे दोन्ही. येमेन, सुदान यांच्याकडे दारिद्र्य आणि यादवी. तरीही स्वातंत्र्योत्तर काळात या देशांनी प्रजेशी केलेला अलिखित करार बराचसा सारखा होता: सरकार स्वस्त भाकरी, स्वस्त इंधन आणि शिकलेल्यांना सरकारी नोकरी देईल, बदल्यात प्रजेने राज्यकर्त्यांना प्रश्न विचारायचे नाहीत.

इजिप्तमध्ये नासेर यांच्या काळात पदवीधराला सरकारी नोकरीची हमी होती. जमीनसुधारणा झाल्या, शाळा उघडल्या, बालमृत्यू घटले. या काळाची कमाई नाकारण्याचे कारण नाही. पण पदवीधर वाढले, नोकऱ्या वाढल्या नाहीत, आणि हमीची रांग वर्षानुवर्षे लांबत गेली. अनवर सादात यांनी जानेवारी १९७७ मध्ये पीठ, तांदूळ, तेल यांवरचे अनुदान कापायचे ठरवले. १८ आणि १९ जानेवारीला शहरे पेटली, सैन्य उतरले, आणि सरकारने निर्णय मागे घेतला. १९८१ मध्ये कॅसाब्लांका, १९८४ मध्ये ट्युनिशिया, १९८९ मध्ये जॉर्डनचे मआन, अशी तीच कहाणी फिरत राहिली. यातून राज्यकर्त्यांनी एक धडा घेतला: भाकरीला हात लावायचा नाही. इजिप्तमध्ये अनुदानित रोटी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पाच पियास्तरला मिळत होती. ती वीस पियास्तर झाली थेट जून २०२४ मध्ये.

भाकरीच्या अनुदानात निदान एवढे तरी असते की ती सगळेच जवळपास सारखी खातात, आणि गरिबाच्या खर्चात तिचा वाटा मोठा असतो. इंधनाचे तसे नाही. ज्याच्याकडे गाडी, वातानुकूलन यंत्र आणि कारखाना, त्याच्याकडे अनुदान जास्त जाते. इजिप्तमध्ये २०१४ पूर्वी ऊर्जेवरचे अनुदान शिक्षण आणि आरोग्य यांच्या एकत्रित खर्चाहून मोठे होते. कागदावर ते गरिबांसाठी होते. प्रत्यक्षात त्याचा मोठा हिस्सा सिमेंट, खत आणि पोलादाच्या उद्योगांकडे आणि कैरोच्या वरच्या वस्त्यांकडे वाहत होता. मदत वस्तूला चिकटलेली असली की ती वस्तू जो अधिक वापरतो त्याच्या खिशात जाते. त्यासाठी कोणाला भ्रष्टाचार करावा लागत नाही.

त्याच १९७७ साली महाराष्ट्राने उलट दिशेचा कायदा केला. १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली आणि वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना त्या वर्षी कायद्यात आली. काम मागणाऱ्याला काम मिळेल, आणि त्यासाठी शहरातला पगारदार व्यवसाय कर भरेल. हमीच्या कामांत गैरव्यवहार झाले, मजुरी रखडली, रस्ते खडीवरच राहिले, हे सगळे खरे. पण रचनेत एक गोष्ट मोलाची होती: मदत धान्याच्या पोत्याला किंवा पेट्रोलच्या लिटरला बांधलेली नव्हती, काम मागायला आलेल्या माणसाला बांधलेली होती, आणि तिचा पैसा कोण देणार तेही ठरलेले होते. अरब करारात या दोन्हींची उणीव होती. कर नव्हता म्हणून हिशेब नव्हता, हिशेब नव्हता म्हणून हक्क नव्हता. १९८७ मध्ये हाझेम बेबलावी आणि जियाकोमो लुचियानी यांनी ‘भाडेखाऊ राज्य’ ही कल्पना विस्ताराने मांडली ती याच मुद्द्यावर. जमिनीतल्या संपत्तीच्या भाड्यावर जगणाऱ्या सरकारला प्रजेच्या कराची गरज पडत नाही, म्हणून संमतीचीही पडत नाही.

पैशाने दिलेले उत्तर

१७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातल्या सिदी बूझिद गावात मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतले. पालिकेच्या लोकांनी त्याचा माल आणि तराजू जप्त केला होता. महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. कैरोच्या तहरीर चौकात घोषणा होती ती भाकरी, स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय यांची. लोक नुसती भाकरी मागत नव्हते. भाकरीचा करार मोडल्याचे आणि तो मुळातच अपुरा असल्याचे ते एका दमात सांगत होते. ट्युनिशियाची वाढीची आकडेवारी त्याआधी जागतिक संस्थांच्या कौतुकाचा विषय होती. नंतर जागतिक बँकेच्याच अभ्यासकांनी दाखवले की बेन अली यांच्या गोतावळ्यातल्या २२० कंपन्या देशातल्या खासगी नफ्याचा पाचव्या हिश्श्याहून अधिक वाटा घेत होत्या, आणि त्यांच्या धंद्यांत इतरांना शिरकाव होऊ नये अशी परवान्यांची तजवीज सरकारच करत होते.

तेलराज्यांनी या उठावाला तिजोरीने उत्तर दिले. सौदी राजे अब्दुल्ला यांनी २०११ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुमारे १३० अब्ज डॉलरच्या योजना जाहीर केल्या: घरे, बेकारभत्ता, सरकारी नोकरांना किमान ३,००० रियाल पगार. कुवेतने प्रत्येक नागरिकाला १,००० दिनार आणि १४ महिने मोफत शिधा दिला. बहारीनने प्रत्येक कुटुंबाला १,००० दिनार जाहीर केले, आणि तिथला उठाव दडपला गेला तो मात्र फौजेच्या बळावर. या देण्यात उदारपणा होता, पण ते ‘नागरिकां’ना होते. कुवेतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहूनही नागरिकत्व नसलेले सुमारे लाखभर ‘बिदून’ त्यात नव्हते, आणि देशातले बहुसंख्य परदेशी कामगार तर नव्हतेच.

तेलाचे भाव २०१४ मध्ये कोसळल्यावर कराराची दुसरी बाजू उघडी पडली. सौदी आणि अमिरातीने जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आणला. सौदीत तो जुलै २०२० मध्ये १५ टक्के झाला. महागाईची भरपाई म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये सौदी सरकारने ‘नागरिक खाते’ सुरू केले आणि गरजू नागरिकांच्या खात्यात थेट रक्कम जाऊ लागली. कर दुकानात येणारा प्रत्येक जण भरतो, भरपाई मात्र एका गटालाच. त्याच वर्षी परदेशी कामगाराच्या सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांवर दरमहा दरडोई १०० रियाल शुल्क बसले आणि ते २०२० पर्यंत ४०० वर गेले. ज्या कुटुंबांना ते झेपले नाही त्यांनी बायकामुलांना गावी धाडले. धोरणाच्या एका ओळीने किती संसारांचे दोन तुकडे केले, याची मोजदाद सौदी अंदाजपत्रकात होत नाही.

नेमकी मदत, नेमका कोण?

तेल नसलेल्या देशांत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सल्ला गेली दहा वर्षे एकच आहे: सरसकट अनुदान बंद करा आणि गरिबाच्या हातात थेट रोख द्या. इजिप्तने २०१५ मध्ये ‘तकाफुल आणि करामा’ सुरू केली. पहिली मुलांची शाळा आणि आरोग्यतपासणी या अटींवर, दुसरी वृद्ध आणि अपंगांसाठी. रक्कम मुख्यतः बाईच्या हातात. मोरोक्कोने २०१५ च्या अखेरीस पेट्रोल-डिझेल बाजारभावावर सोडले आणि डिसेंबर २०२३ पासून गरीब कुटुंबाला दरमहा किमान ५०० दिरहमची मदत देऊ केली. जॉर्डनने २०१८ मध्ये रोटीचे अनुदान काढून रोख दिली. त्याच वर्षी आयकर वाढवायला गेल्यावर लोक रस्त्यावर आले आणि पंतप्रधान हानी मुल्की यांना पायउतार व्हावे लागले.

तत्त्व म्हणून हे योग्य दिशेने टाकलेले पाऊल आहे. मदत वस्तूपासून सुटून माणसाकडे निघाली. पण मग माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न येतो. गरिबांच्या नोंदी नसतात, म्हणून संगणक अंदाज बांधतो. जॉर्डनच्या योजनेबद्दल ह्यूमन राइट्स वॉचने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दाखवले की घरात गाडी आहे का, वीज-पाणी किती लागते, अशा खुणांवरून कुटुंबाला क्रमांक लावला जातो. जुनी गाडी भाजी वाहायला ठेवलेली असेल, पंखा जुनाट असल्याने वीज जास्त खेचत असेल, तरी कुटुंब यादीत खाली सरकते. आपल्याकडच्या दारिद्र्यरेषेच्या याद्या आठवतात त्यांना हे नवे वाटणार नाही.

शिवाय रोख रक्कम शाळा-दवाखान्याची जागा घेऊ शकत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोरोक्कोतले तरुण रस्त्यावर आले तेव्हा त्यांची तक्रार भत्त्याबद्दल नव्हती. २०३० च्या विश्वचषकासाठी मैदाने उभी राहतात, मग दवाखाने आणि शाळा का नाहीत, हा त्यांचा सवाल होता.

कराराबाहेरचे बहुसंख्य

सौदीच्या २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या ३ कोटी २२ लाख भरली, आणि त्यांतले ४१.६ टक्के सौदी नव्हते. कतार आणि अमिरातीत नागरिक दर दहांमागे जेमतेम एक. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांत सुमारे ९० लाख भारतीय आहेत. म्हणजे ज्या समाजात न्याय आहे की नाही हे मोजायचे, त्याचा मोठा भाग मोजपट्टीच्याच बाहेर. फक्त नागरिकांमधली विषमता तपासली तर कतार बरा दिसतो. त्या भूमीवर राबणाऱ्या प्रत्येकाला धरले तर चित्र उलटते.

गेल्या दीड-दोन दशकांत इथे काहीच बदलले नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. अमिरातीने २००९ मध्ये पगार बँकेतूनच देण्याची सक्ती आणली आणि इतर देशांनी ती उचलली. कतारने २०२० मध्ये मालकाच्या दाखल्याविना नोकरी बदलण्याची मुभा दिली, आणि मार्च २०२१ पासून दरमहा १,००० रियालचे किमान मूळ वेतन सर्व देशांच्या कामगारांना, घरकामगारांनाही लागू केले. जेवण-निवारा मालकाने दिला नाही तर त्याचे वेगळे ३०० आणि ५०० रियाल. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद. सौदीने मार्च २०२१ पासून करार पुरा झाल्यावर नोकरी बदलायला आणि देशाबाहेर जायला मालकाच्या परवानगीची अट सैल केली, पण घरकामगार, गुराखी, शेतमजूर, चालक यांना त्या सुधारणेतून वगळले.

यांतले बहुतेक बदल कतारमधल्या विश्वचषकाच्या प्रकाशझोतामुळे, आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या दडपणामुळे आणि कामगारांच्या स्वतःच्या संपांमुळे झाले. त्यांची मर्यादाही तिथेच आहे. राहण्याचा परवाना अजून मालकाच्या अर्जाशी बांधलेला असतो. कामगार पळून गेल्याची तक्रार मालकाने नोंदवली की माणूस एका दिवसात बेकायदा ठरतो. कामगार संघटना काढायची सोय बहुतेक देशांत परदेशी माणसाला नाही. वेतन कायद्यात आले, वाटाघाटीचे बळ आले नाही.

आपल्या दारातली चाळण

या व्यवस्थेचा अर्धा भाग भारतात आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर तपासणीची अट असते, आणि अशा माणसाला १८ ठरावीक देशांत कामाला जाण्यासाठी प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. त्या देशांत सगळे आखाती देश आहेत. कायद्याने भरती करणाऱ्या दलालाने ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर याहून अधिक घ्यायचे नाहीत. प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांच्या २७५ रुपयांच्या हप्त्यात १० लाखांचे अपघाती संरक्षण आहे. कागदावर हे बरेच आहे. पण पर्यटक व्हिसावर जाऊन तिथे काम धरणारा या चाळणीतून गळतो, आणि दलालाची खरी फी पावतीवर येत नाही.

आपल्या सरकारची दुविधाही समजून घेतली पाहिजे. भारतीय कामगाराला किमान इतके वेतन मिळालेच पाहिजे, अशी आकडेवारी आपण देशवार ठरवतो. सप्टेंबर २०२० मध्ये महासाथीच्या काळात नोकऱ्या टिकाव्यात म्हणून ती ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणली गेली. टीका झाली, दावे झाले, आणि पुढच्या वर्षी निर्णय फिरवला गेला. माणूस पाठवणारा देश आपल्या माणसाचा भाव वाढवू पाहतो आणि शेजारी देश स्वस्तात माणूस द्यायला उभा असतो. या ओढाताणीत एकट्या देशाचे फार चालत नाही.

इकडे येणाऱ्या पैशाची नोंद मात्र काटेकोर होते. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२३-२४ मध्ये परदेशातून येणाऱ्या रकमांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, देशात सर्वाधिक होता. देशांमध्ये अमेरिका २७.७ टक्क्यांवर आणि अमिराती १९.२ टक्क्यांवर. केरळने गेलेल्या माणसांची वेगळी नोंद, परतलेल्यांचे कल्याण मंडळ आणि त्यांच्या पुनर्वसनाची यंत्रणा दशकांपूर्वी उभी केली. पैशात पहिल्या असलेल्या महाराष्ट्राकडे कोकणातून किंवा भिवंडीतून किती माणसे गेली, किती परतली, कोणत्या आजाराने परतली, याची त्या तोडीची व्यवस्था नाही.

शेलारचा मीटर

आता भिवंडीकडे. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांनी इथे हातमाग रोवले, पुढे वीज आली आणि यंत्रमाग आले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर गिरण्यांचे विणकाम मोठ्या प्रमाणात इथे वळले. देशातल्या यंत्रमागांपैकी निम्मे महाराष्ट्रात, आणि त्यांतला मोठा जथा भिवंडीत. माग चालवणारे उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले. मजुरी मीटरवर, पाळी बारा तासांची, जेवण बिसीत म्हणजे महिन्याच्या हिशेबाच्या खानावळीत, झोप कधी खोलीत, कधी शेडमध्येच.

१९४८ च्या कारखाने कायद्याची मर्यादा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची होती, आणि राज्य विमा योजनेचीही तीच. त्यामुळे एकाच छताखाली चार नावांचे चार ‘कारखाने’ मांडण्याची पद्धत रुळली. नव्या श्रमसंहितेने कारखान्याची मर्यादा वीसवर नेली, म्हणजे वाटणी करण्याचीही गरज कमी झाली. कतारचा मालक कामगाराला व्हिसाने बांधतो, भिवंडीचा मालक त्याला कागदावर येऊच देत नाही. उपाय उलट, परिणाम जवळचा.

राज्य सरकार या धंद्याला मदत करत नाही असे नाही. यंत्रमागाला विजेत सवलत आहे, २७ अश्वशक्तीच्या खालच्या आणि वरच्या जोडणीला वेगळी. यंत्रे बदलायला केंद्राचे तंत्रज्ञान उन्नयन अनुदान १९९९ पासून होते. पण ही मदत मीटरला आणि मागाला मिळते. ती मालकाकडे उतरते, आणि तोही बहुतेक वेळा सुताच्या व्यापाऱ्याचे जॉबवर्क करणारा असल्याने त्याच्याकडून वर व्यापाऱ्याकडे सरकते. कांडी भरणाऱ्यापर्यंत तिचा ओघळ येतो तो ‘धंदा चालू राहिला’ एवढ्याच रूपात. कैरोच्या स्वस्त डिझेलचे जे झाले, तेच इथल्या स्वस्त युनिटचे होते. मीटर मालकाच्या नावावर असेल तर मजुराच्या हक्काला पत्ताच उरत नाही.

मागणी उभी राहिली की हे बदलते, याचा दाखलाही महाराष्ट्रात आहे. २०१५ मध्ये राज्याने यंत्रमाग उद्योगासाठी सुधारित किमान वेतन जाहीर केले, आणि ते अमलात यावे म्हणून इचलकरंजीत सायझिंग कामगारांनी दीर्घ संप केला. तिथला कामगार बराचसा आजूबाजूच्या गावांतला, मतदार, संघटित. भिवंडीतला बहुतांशी दूरचा, मत गावाकडे, सणाला आणि लग्नसराईला निघून जाणारा. आखातात परदेशी असण्याने जे होते ते इथे परप्रांतीय असण्याने अर्धे होते, आणि त्यासाठी कोणताही कफाला लागत नाही.

शेलार हे भिवंडी शहराच्या हद्दीबाहेरचे, पण त्याला चिकटलेले. जनगणनेच्या लेखी ते नगर आहे, कारण तिथला माणूस शेतीवर जगत नाही. कारभाराच्या लेखी ते गाव आहे, कारण तिथे ग्रामपंचायत आहे. आसपासच्या ६० गावांचे नियोजन एमएमआरडीएकडे, जमीन महसूल खात्याकडे, रस्ते-पाणी आणखी कोणाकडे. गोदामे आणि शेड वाढतात त्या वेगाने गटार आणि दवाखाना वाढत नाही, कारण गावाला मिळणारा निधी शहरी लोकसंख्येसाठी आखलेला नसतो. इथे माणूसच नव्हे, अख्खी वस्ती चुकीच्या खात्यात नोंदलेली आहे.

मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात हे सगळे एकदम दिसले. भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी निघाली, आणि त्याच आठवड्यात अबुधाबी-दुबईहून ‘वंदे भारत’ची पहिली विमाने केरळात उतरली. एका ठिकाणी माग थांबले, दुसऱ्या ठिकाणी बांधकामे. दोन्हीकडे काम थांबताच माणूस त्या जागेचा उरला नाही.

वादाच्या बाजू

या प्रश्नावरचे विचार ढोबळ मानाने तीन बाजूंनी मांडले जातात. पहिली बाजू नाणेनिधी आणि अर्थखात्यांची: अनुदाने काढा, बाजार मोकळे करा, उरलेल्या गरिबाला नेमकी रोख द्या. दुसरी अरब अभ्यासकांची, जिचा पाया २००२ च्या अरब मानव विकास अहवालाने घातला: उणीव पैशाची नसून स्वातंत्र्याची, स्त्रियांच्या सहभागाची आणि ज्ञानाची आहे, सत्तेच्या गोतावळ्याची मक्तेदारी मोडल्याशिवाय कोणतीही योजना पोचणार नाही. तिसरी कामगार आणि स्थलांतराच्या अभ्यासकांची: न्यायाचा हिशेब नागरिकत्वावर थांबवला की तो खोटा ठरतो.

तिन्हींत तथ्य आहे, पण पहिलीचा आंधळा कोपरा सर्वांत मोठा आहे. ‘नेमका गरीब’ शोधताना ती सरकारच्या विद्यमान यादीवरच अवलंबून राहते. जो यादीत नाही, तो तिच्या दृष्टीने गरीबही नाही. दुसरी बाजू लोकशाहीवर फार भार टाकते. आपल्याकडे निवडणुका वेळेवर होतात, तरी जागतिक विषमता अहवालाने २०२२ मध्ये वरच्या दहा टक्क्यांचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा पश्चिम आशिया-उत्तर आफ्रिकेत ५८ टक्के आणि भारतात ५७ टक्के दाखवला होता. मतदान ज्या ठिकाणी आहे आणि मजुरी ज्या ठिकाणी आहे ती वेगळी असली, तर मताचे मोल मजुरीपर्यंत पोचत नाही. तिसऱ्या बाजूचे म्हणणे मला सर्वांत पटते. तिची अडचण एवढीच की परदेशी कामगाराला पूर्ण सामाजिक हक्क द्यायला कोणते आखाती सरकार आपणहून तयार होईल, याचे उत्तर तिच्याकडे नाही.

म्हणून कसोटी लहान आणि कठोर ठेवावी. कोणत्याही कल्याणकारी योजनेला तीन प्रश्न विचारावेत: ती कोणाच्या नावावर निघते, ते नाव ज्याच्या कष्टावर ती जागा उभी आहे त्याचे आहे का, आणि माणूस काम बदलून दुसरीकडे गेला तर ती त्याच्याबरोबर जाते का? कुवेतचा १,००० दिनारांचा भत्ता दुसऱ्या प्रश्नावर नापास होतो, इजिप्तचे स्वस्त डिझेल पहिल्यावर, आणि आपली रोजगार हमी गावापुरती असल्याने तिसऱ्यावर. कतारचे किमान वेतन पहिल्या दोनांत उत्तीर्ण होते. एक देश एक शिधापत्रिका आणि ई-श्रम नोंदणी या आपल्या योजना तिसऱ्या प्रश्नाच्या दिशेने टाकलेली पावले आहेत, पण नोंदणी म्हणजे हक्क नव्हे. भिवंडीतल्या माणसाचे नाव दिल्लीच्या संगणकात असून त्याच्या शेडच्या हजेरीपुस्तकात नसेल, तर उपयोग थोडाच.

आखाती सरकारांवर टीका करण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण राबणारी माणसे आपली आहेत. तो अधिकार वजनदार व्हायचा तर महाराष्ट्र सरकारच्या हातात दोन कामे आहेत, आणि त्यासाठी परराष्ट्र खात्याची वाट पाहण्याची गरज नाही. यंत्रमागाची वीज सवलत त्या शेडमधल्या प्रत्येक कामगाराच्या बँकेतून दिलेल्या मजुरीशी आणि विम्याच्या नोंदीशी जोडता येईल. अमिरातीने २००९ मध्ये जे मालकांवर सक्तीने लादले, ते आपण सवलतीच्या अटीत घालू शकतो. आणि शेलारसारख्या वस्त्यांना खेडे म्हणायचे की शहर, हा निर्णय लांबवत न ठेवता तिथे राहणाऱ्या डोक्यांवर निधी ठरवता येईल, मग त्या डोक्यांचे रेशनकार्ड गोरखपूरचे असो की करीमनगरचे. मंगफच्या इमारतीबद्दल कुवेतला जाब विचारणाऱ्या राज्याने आपल्या शेडमध्ये कोण झोपतो याची नोंद तरी ठेवायला हवी.